प्रमिलाअक्काचा हात

आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, प्रेमराजचं लग्न कोणी मोडलं? सांगतील, त्याच्या मायनं मोडलं. स्वतःच्या हातानं, बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, पाहुण्यांच्या देखत मोडलं. सांगणाऱ्यांतले निम्मे तिथं नव्हतेच, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिथं होते. तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. मी सुनंदा, त्या मायची, म्हणजे प्रमिलाअक्काची, धाकटी जाऊ. अक्काशी माझ्याइतकी भांडणं या गावात कोणी केली नसतील, तेव्हा मी तिची बाजू घेते ती काही प्रेमाच्या उमाळ्यानं घेत नाही. जे पाहिलं ते सांगते.

अक्का चोपड्याकडची. केळीच्या मळ्यात वाढलेली, आणि आमच्या धरणगावकडच्या कापसात येऊन पडलेली. मी या घरात आले तेव्हा ती आधीच घराची कारभारीण होऊन बसली होती. तिचं तोंड कमी चालायचं, हात जास्त बोलायचे. पाहुणे ओट्यावर बसलेले असले की सासूबाईंच्या पाठीमागून ती मला हातानं हुकूम सोडायची. अंगठा खाली केला की चहा ठेव. पंजा आडवा फिरवला की दूध संपलंय, कोरा कर. बोटांची चिमूट नाचवली की पाहुणे गोडखाऊ आहेत, साखर जरा सढळ टाक. शेतात निंबाभाऊ, म्हणजे तिचा नवरा, पार त्या टोकाला असायचे. ही बांधावरून नुसता हात उचलून मनगट वळवायची आणि त्यांना बरोबर कळायचं की ठिबकचा कोणता वॉल सोडायचा. आणि माझ्याशी भांडण झालं की तोंडातून एक शब्द न काढता मनगटाला असा एक झटका द्यायची की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिवी परवडली, पण तो झटका नको.

गावात लग्न असलं की मांडे करायला तिलाच बोलावणं यायचं. खापरावरचे मांडे म्हणजे खेळ नाही. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर घेऊन, मनगटावरून कोपरापर्यंत झुलवत झुलवत ताटाएवढी करायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची. माझी हमखास फाटायची. मी एकदा हट्टानं म्हटलं, नीट सांग, आधी कोणता हात, मग कोणता. तिनं हात थांबवले, विचार करायला लागली आणि तिचीही फाटली. त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. एरवी आमचं हसण्याचं नातं नव्हतं.

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी शेतात कमरेला फडकं बांधता बांधता ती खाली बसली. बसली ती उठेचना. तोंड एका बाजूला ओढलेलं. जळगावला नेलं, दवाखान्यात ठेवलं. डोक्याच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती म्हणाले. जीव वाचला, देवाची कृपा. घरी आली तेव्हा उजवा पाय जरा ओढायची, पुढे तोही सुधारला. हातात ताकद तर अशी परत आली की मला चिमटा काढला असता तर वळ उठला असता. बोलणं मात्र गेलं. एक शब्द तेवढा राहिला, ‘हाव’. आमच्याकडे हो म्हणायला हाव म्हणतात. चहा घेशील का? हाव. भूक लागली का? हाव. निजतेस का? हाव. निंबाभाऊ ज्याला त्याला सांगायचे की तिला बठ्ठं समजतं, बरोबर उत्तर देते, फक्त बोलायचा कंटाळा करते.

पण हातांचं काहीतरी बिनसलं होतं. मी तिला कंगवा दिला, तर तिनं तो दातांवर घासला. चमचा दिला तर दांड्यानं वरण ढवळत बसली. पदराला लावायची पिन दिली तर ती हातात घेऊन कितीतरी वेळ उलटीसुलटी करून बघत राहिली, जशी काही कोणा परक्याची वस्तू आहे. भेटायला आलेल्यांना नमस्कार कर म्हटलं की हात कानाकडे जायचा, मग गळ्याकडे, मग नुसताच हवेत राहायचा. तिच्या कपाळावर घाम यायचा. डावा हातही काही शहाणा नव्हता, तोही तसाच गोंधळायचा.

आता यात गंमत बघा. हाच हात गालावर माशी बसली की फटकन उठायचा. वडीलधारं माणूस दारात आलं की कोणी न सांगता पदर डोक्यावर घ्यायचा. कानबाई देवीच्या फोटोसमोरून जाताना दोन्ही हात आपोआप जुळायचे. गल्लीतल्या बायांना एवढं पुरलं. भिकुबाई, आमची समोरची शेजारीण, तिनं पहिल्यांदा तो शब्द काढला, नाटकं. माशी मारता येते आणि माणसाला नमस्कार करता येत नाही, हा कोणता आजार? देवाला हात जुळतात आणि पाहुण्याला जुळत नाहीत? मी तिला चांगलीच झापली. पण झापून घरी आले आणि मनात म्हटलं, बाई म्हणते त्यात काय खोटं आहे?

याच दिवसांत प्रेमराजचं जमत आलं. प्रेमराज अक्काचा एकुलता एक. जळगावला पाइपच्या कारखान्यात कामाला, सुटीच्या दिवशी शेतात. पोरगा सरळ, पण आजकाल शेतकऱ्याच्या घरात पोरगी द्यायला कोण तयार आहे? किती ठिकाणी बघून झालं. कुठं शेती आहे म्हणून नको, कुठं गावात राहावं लागेल म्हणून नको. अक्काच्या मनात तिच्या भावाची मुलगी होती, मोहिनी. अक्कानं दोन वर्षं त्याच आशेवर काढली. शेवटी मोहिनीनंच सांगितलं की मला आत्याच्या घरी कापूस वेचायला जायचं नाही. अक्का तेव्हा महिनाभर धुमसत होती. आजारी पडायच्या आधी ती चारचौघींत म्हणाली होती की माझ्या घरात सून आली तर मोहिनीच येईल, दुसरी मला चालायची नाही. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. पण गाव असलं बोलणं जपून ठेवतं.

मग दोंडाईचाचं स्थळ आलं. मुलीचं नाव दिपमाला. रंगानं सावळी, डोळ्यांत हसू, बोलायला मोकळी. प्रेमराज बघून आला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन कानाला. कामावरून घरी आला की ओट्यावर फेऱ्या मारत बोलायचा. या पोराला मी इतकं हसताना लहानपणानंतर पहिल्यांदा बघत होते. आतून अक्का त्याच्याकडे बघत बसायची. तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण तेव्हा मी नीट बघितलंच नाही.

कुंकू लावायचा, म्हणजे लग्न पक्कं करायचा, दिवस ठरला. मी म्हटलं, मुलीकडच्यांना अक्काच्या दुखण्याचं आधी सांगून टाका. निंबाभाऊ म्हणाले, बीपीचा त्रास होता एवढं सांगितलंय, बस. माझ्या नवऱ्याचं, मोतीलालचं म्हणणं की खाटेवरची सासू ऐकली तर हातातलं स्थळ जाईल. मी म्हटलं, ती खाटेवर कुठे आहे, चालतीफिरती आहे, पण हाताचं सांगा. मला गप्प बसवलं. पुरुष माणसं ठरवायला बसली की आम्ही चहा करायचा.

दोंडाईचाला आम्ही रेल्वेनं गेलो. घर छान, माणसं साधी. आल्या आल्या चहा, पोहे, पेढे. अक्का नव्या लुगड्यात बसलेली, शांत. पेढ्यानं तिची बोटं चिकट झाली म्हणून मुलीच्या मामीनं ओला रुमाल आणून दिला आणि पुसा म्हणून स्वतःच तिचा हात धरून सुरुवात करून दिली. अक्का पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत राहिली. मामीनं हसून रुमाल काढून घेतला. तेवढ्यात मुलीला पाटावर आणून बसवलं. हिरवी साडी, केसांत गजरा. मी माझ्या परीनं हुशारी केली होती. आधी मी कुंकू लावेन, मग बरोबर आलेली आमची नणंद लावेल, म्हणजे अक्काला बघून बघून जमेल. मी लावलं. नणंदेनं लावलं. मग करंडा अक्कासमोर धरला.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. लावा, प्रमिलाबाई, लावा. सासूचा मान आहे, लावा. कोणी फोन काढून शूटिंग करतंय, कोणी पाठीमागून वाकून बघतंय. अक्काचा हात उठला. करंड्यावरून गेला, करंड्यात गेला नाही. सरळ मुलीच्या कपाळावर गेला आणि तळहातानं तिनं ते कुंकू पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं, पार केसांपर्यंत लाल फासटलं. मी तिचं मनगट धरलं तेव्हा ती तिसऱ्यांदा पुसत होती.

मामीनं करंडा उचलून घेतला. ज्या पोरीच्या कपाळावर आत्ताच पहिल्यांदा सासरचं कुंकू लागलं, तिचं कुंकू सासू पुसते, याचा अर्थ आमच्याकडे लहान लेकरालाही कळतो. त्यात त्या मुलीची आत्या तरुणपणीच विधवा झालेली, तिथंच दारात उभी. मुलीच्या आजीनं कपाळावर हात मारून घेतला. आईनं मुलीला उठवून आत नेलं. दिपमाला जाताना मागे वळून अक्काकडे बघत होती, रागानं नाही, घाबरून. निंबाभाऊ हात जोडून सांगायला लागले की बीपी आहे हो तिला, बीपी. मुलीच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, बीपीनं कुंकू पुसतात?  आधी सांगितलं असतं तर त्यावर उत्तर देता आलं असतं.

परतीच्या गाडीत प्रेमराज दारात उभा होता, मी दोनदा आत बोलावलं, आला नाही. घरी पोचायच्या आधी शूटिंग गावात पोचलेलं. त्यात रुमाल नव्हता, पेढा नव्हता. फक्त हात आणि कपाळ.

त्या दिवसापासून प्रेमराजनं मायशी बोलणं टाकलं. तिनं भरलेल्या तांब्यातलं पाणीही घेईना. मला एकदाच म्हणाला, काकू, तिला मोहिनी पाहिजे होती, तिनं बरोबर डाव साधला. मी म्हटलं, अरे, तिचा हात बिघडलाय. तो म्हणाला, माशी मारताना बिघडत नाही का? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दिपमालाचा फोन बंद झाला होता. तो रिकामा फोन हातात घेऊन ओट्यावर त्याच जुन्या फेऱ्या मारायचा.

आणि अक्का? मला एक दिवस दिसलं की ती उजवा हात मांडीखाली घालून बसलीय. वाटलं गारवा लागत असेल. मग बघायला लागले. कोणी दारात आलं की हात मांडीखाली. प्रेमराज घरात शिरला की हात मांडीखाली, वरून सगळं वजन. बोटं काळीनिळी व्हायची. मी ओढून काढला तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो सोडून दिला. ज्या बाईला नाटक करायचं असतं ती असं करत नाही. तेव्हा माझं डोकं सटकलं, कोणावर ते कळेना, सगळ्यांवरच. निंबाभाऊंना म्हटलं, तुम्ही येता का मी एकटी नेऊ? त्यांनी शेतातलं काम पुढे केलं. मी तिला घेऊन जळगावला गेले.

डॉक्टरांच्या तिथं व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती, मेघा. लहानखुरी, पण घाई नाही. तिनं अक्कासमोर एक एक वस्तू ठेवली, करून दाखवा म्हणाली. हातोडी कशी मारायची, कुलूप कसं उघडायचं, टाटा कसा करायचा. अक्काला एकही धड जमलं नाही. मग मेघा माझ्याशी गप्पा मारायला लागली आणि बोलता बोलता एक किल्ली अक्काच्या हातात देऊन कुलूप सहज तिच्या पुढ्यात सरकवलं, उघडा असं काही म्हणाली नाही. अक्कानं ते उघडलं. मी बघतच राहिले.

मेघानं मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपण हात हलवतो म्हणजे नुसता हात हलत नाही. आधी डोक्यात त्याची आखणी होते, कोणतं बोट, किती उंच, आधी काय, मग काय. ती आखणी मेंदूच्या डाव्या बाजूला होते, आणि अक्काची नेमकी तीच जागा गेलीय. मनात इच्छा आहे, हातात ताकद आहे, मधली आखणी तुटलीय. सवयीचं, नकळत होणारं काम दुसऱ्या वाटेनं होऊन जातं, म्हणून माशी मारता येते, पदर घेता येतो. पण कोणी कर म्हटलं, दहा डोळे लागले, की ती जितका जोर लावेल तितकं चुकेल. त्या आजाराला नाव आहे, इंग्रजी, ते काही माझ्या जिभेवर बसलं नाही. मी कुंकवाचं सांगितलं. मेघानं विचारलं, त्याच्या आधी तिचा हात काय करत होता? मी म्हटलं, पुसत होता. पेढ्याची बोटं, ओल्या रुमालानं. मेघा म्हणाली, मग तो तिथंच अडकला. हात आधीच्या कामातून सुटत नाही आणि पुढच्या कामावर जातो, या आजारात हे फार होतं.

मी खुर्चीवर बसले आणि रडले. अक्का शेजारीच होती. तिला किती कळलं देव जाणे, पण माझ्या पाठीवरून तिचा हात फिरायला लागला. मी वर बघितलं तशी तो थांबला.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. निंबाभाऊंनी ऐकून घेतलं आणि गोठ्यात गेले ते जेवायलाच आले. दोंडाईचाला मी स्वतः फोन केला. मुलीच्या आईनं सगळं ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, बाई, वाईट वाटतं, पण आम्ही दुसरीकडे सुपारी फोडलीय. तुम्ही आधी सांगायचं होतं. मला तिचा रागही करता येईना.

राहिला प्रेमराज. लग्न तर गेलंच होतं, पण मायलेक तरी जागेवर यायला पाहिजे होते ना? त्याला मी मेघाचं सगळं सांगितलं, कुलूप, किल्ली, रुमाल. तो म्हणाला, काकू, हे तुम्ही पाठ करून आलात. माणसाचा हात मनाविरुद्ध दुसऱ्याचं कुंकू पुसतो, हे मला पटत नाही. कारखान्याचं काम त्यानं सोडलं होतं. सुरतला ओळखीच्या एकाकडे मालाच्या गोदामावर जागा मिळत होती, तिकडे जायचं ठरवून टाकलं. मला दिसत होतं, हा गेला की परत यायचा नाही. दिवाळीला कपडे पाठवील, बापाला फोन करील, आणि मायच्या मयतीला येईल.

जायच्या दिवशी सकाळी पिशवी भरून तो दारात आला. गल्लीतल्या बाया जमल्याच होत्या, भिकुबाई सगळ्यांत पुढे. अक्का ओट्यावर बसलेली, हात मांडीखाली. प्रेमराज बापाच्या पाया पडला, माझ्या पडला. तिच्यापुढे येऊन नुसता उभा राहिला. लगेच सुरू झालं. ठेवा, डोक्यावर हात ठेवा. पोरगा चाललाय, आशीर्वाद द्या. मी ओरडले, कोणी काही बोलू नका. कोण ऐकतंय? निंबाभाऊंना राहवलं नाही, त्यांनी तिचा हात ओढून काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. हात डोक्यावरून घसरून तोंडावर आला, नाकावर आला, त्याचं तोंड चोळायला लागला. प्रेमराजनं झटक्यात मान मागे घेतली.

मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

“माय, एकच सांग. तुले ती पोर नको व्हती ना?”

“हाव,” अक्का म्हणाली.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भिकुबाईनं तर सुटकेचा श्वास टाकला, जसं काही तिच्या घरचा निकाल लागला. प्रेमराज हळूच हसला. तो उठायला लागला. मी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. का बसवलं ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. अक्काचा चेहरा मात्र मला दिसत होता, आणि तो चेहरा हाव म्हणत नव्हता.

“अक्का,” मी म्हटलं, “तुले ती पोर पाहिजे व्हती ना?”

“हाव.”

“तू चोपड्याकडनी शे ना?”

“हाव.”

“तुनं नाव झुलाल शे ना?”

झुलाल आमचा दूधवाला.

“हाव,” अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं.

कोणी हसलं नाही. मी तिथंच पायरीवर बसले. घरी आल्यापासून आम्ही तिला काय काय विचारत होतो ते सगळं मला आठवलं. चहा, भूक, झोप, गोळी. ज्याचं उत्तर ‘नाही’ असं द्यावं लागेल, असं काही आजारी माणसाला कोणी विचारतच नाही. म्हणून आम्हाला वाटत राहिलं की ही बरोबर उत्तर देते. तिच्याकडे उत्तर नव्हतंच. तोंडाशी एक शब्द अडकला होता, आणि आम्ही प्रश्न त्याच्या मापाचे करत होतो.

प्रेमराजला समजलं. समजताना त्याचं तोंड पांढरं पडत गेलं ते मी बघितलं. त्यानं भिकुबाईला, सगळ्यांनाच, घरी जा म्हणून सांगितलं, आवाज न चढवता. गल्ली मोकळी झाली. मला वाटलं आता हा रडेल, मायच्या गळ्यात पडेल, आणि माझं काम झालं. पण त्यानं मलाच विचारलं.

“काकू, मग तिच्या मनात काय होतं? तिला दिपमाला हवी होती का नको होती?”

मी एवढी तोंडाची फाटकी बाई, जगाला उत्तरं देणारी. मला काही सांगता आलं नाही. हातानं मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण मनात काय होतं? मोहिनीचं खूळ तिच्या डोक्यातून गेलं होतं का? ओट्यावर पोरगा हसत बोलायचा तेव्हा आतून बघणाऱ्या तिला बरं वाटत होतं का? हे विचारायची वाट बंद झाली होती. आळ काढायला गेले आणि त्याच्याबरोबर तिचं मन कळायची आशाही गेली. आता ती कुणाचं काही खोडूनही काढू शकत नाही. मी काहीही म्हणाले तरी तिला हाव म्हणावं लागणार.

निंबाभाऊ हळू आवाजात म्हणाले, गाडीची वेळ होतेय. प्रेमराज उभा राहिला. पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं गेला आणि परत फिरला.

“माय, मी जाऊ?”

“हाव.”

तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला. दोंडाईचापासून त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

“नको जाऊ?”

“हाव.”

तिची मान हलत नव्हती. डोळे त्याच्यावर खिळलेले, आणि तोंडातून तो मेला एकच शब्द. ती तो परत गिळायला बघत होती, तसं तोंड वाकडं होत होतं. मला ते बघवेना, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

प्रेमराजनं पिशवी खाली ठेवली. ओट्यावर तिच्या शेजारी बसला. तिचा हात पुन्हा मांडीखाली जायला निघाला होता, तो त्यानं धरला आणि नुसता धरून ठेवला, त्याला काही करायला सांगितलं नाही. सुरतची गाडी गेली ती आम्हाला ओट्यावर ऐकू आली. निंबाभाऊंनी विचारलं, आता काय करणार? तो म्हणाला, उद्या बघू. आणि तिला आता कोणी काही विचारू नका.

आम्ही कोणी काही विचारलं नाही.  मी चहा ठेवायला उठले, तेव्हा पाठीमागून अक्काचा आवाज आला.

“हाव.”